माया सोडून

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



काल संध्याकाळी पोवई नाक्यावर गाडीतून उतरले तेव्हापासून आत्तापर्यंत मला चार जणींनी एकच प्रश्न विचारला आहे. "अगं, मुलगी दहावीला ना? पूर्वपरीक्षा तोंडावर, आणि तू इथे?" चौथीने विचारलं तेव्हा मी स्टेजच्या पायऱ्या चढत होते, म्हणून तिला उत्तर देता आलं नाही. आता देते. आयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. त्यावर आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त माहिती आहे, त्यामुळे तो विषय मी बाजूला ठेवते. संयोजक मंडळाने माफ करावं.

आधी एक सांगते. गेल्या महिन्यात माझे यजमान त्यांच्या मित्रांबरोबर तीन दिवस हंपीला गेले होते. मुलगी तेव्हाही दहावीलाच होती. त्यांना कोणीही काही विचारलं नाही. असो.

तुम्ही मला ओळखता ते 'पाटी कोरी ठेवीन पण चुकीचं लिहिणार नाही' अशी मुलगी म्हणून. गणिताच्या सरांनी एकदा खाडाखोडीसाठी माझा अर्धा गुण कापला होता, आणि मी मधल्या सुट्टीत डबा खाल्ला नव्हता. सर आज समोर बसलेत. सर, तुमची काही चूक नव्हती, खाडाखोड खरंच होती. दहावीचा निकाल लागला तेव्हा मला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नाव आलं नाही. वडील मोती चौकातून कंदी पेढे घेऊन आले आणि मी आतल्या खोलीत रडत होते. आई बाहेरून म्हणाली, "ये बाहेर. लोक पेढे खायला आलेत, तुझं सांत्वन करायला नाही."

माझ्या आईला तुमच्यातल्या बऱ्याच जणी ओळखतात. निम्म्या वर्गाचे गणवेश तिने शिवले. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे निळे स्कर्ट आणि पांढरे ब्लाउज. तुमच्या आया तिच्यासमोर तुम्हाला उभ्या करायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, अगदी मापात बेतू नका हं, वाढतं अंग आहे, माया सोडा." आई बाजूच्या शिलाईत दीड-दोन बोटं कापड दुमडून ठेवायची. आठवीत उसवायचं, नववीत पुन्हा उसवायचं. दहावीपर्यंत स्कर्टच्या कडेला दोन जुन्या शिलाईच्या रेषा दिसायच्या आणि त्या बाजूचं कापड जरा गडद असायचं, कारण त्याला ऊन लागलेलं नसायचं. मला त्या रेषांची लाज वाटायची. दुकानातून आणलेल्या स्कर्टला त्या नसायच्या.

हे कापड मी विसरून गेले होते. आठवायला मला पंचवीस वर्षं लागली.

२००२ साली सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून मी अभियांत्रिकीची पदवी घेतली, मग पुण्यात नोकरी. लग्न सांगलीचंच झालं. गंमत म्हणजे मी जिथे जाईन तिथे कृष्णा आलीच. इथे माहुलीला वेण्णा तिला मिळते, खाली कराडला कोयना मिळते, आणि तेच पाणी सांगलीला आमच्या घरामागून जातं. २०१६ला सासरे आजारी पडले तेव्हा आम्ही पुणं सोडून गावभागातल्या जुन्या घरी राहायला आलो. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली. थोरली तेव्हा पहिलीत होती, धाकटा रांगत होता.

आणि मी ठरवलं की आता घरीच आहे, तर मूल उत्तम वाढवायचं.

मी कधी तिच्यावर हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. याचा मला फार अभिमान होता. मी फक्त तपासायचे. रोज रात्री तिच्या वह्या पाहायचे आणि जिथे अक्षर वाकडं असेल तिथे पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचे. टिंब दिसलं की ती आपणहून तो परिच्छेद खोडून पुन्हा लिहायची. मला वाटायचं, काय सुंदर पद्धत आहे, बोलावंही लागत नाही. माझ्या कामात मी हेच करते. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचायचा, खुणा करायच्या, परत पाठवायचा. दुसरीत तिच्या वहीची काही पानं खोडून खोडून इतकी पातळ झाली होती की पलीकडचं अक्षर अलीकडे दिसायचं.

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत काय झालं हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीत २००५ला जिथवर पाणी आलं होतं तिथे खूण होती, आणि सासरे म्हणत होते की त्याच्या वर येणार नाही. ते आलं. वीज गेलेली, फोन लागेना. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, एकेक पिशवी भरा, लागेल तेवढंच घ्या. आम्ही विश्रामबागेत एका मैत्रिणीकडे गेलो, तो भाग उंचावर आहे. रात्री थोरलीचे कपडे बदलायला तिची पिशवी उघडली. आत एकही कपडा नव्हता. तिच्या सात वह्या होत्या, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकात एक घालून, तोंडाला सुतळी बांधून. मी विचारलं, कपडे का नाही घेतलेस? नऊ वर्षांची पोर मला म्हणाली, "भिजल्या असत्या तर सगळं परत लिहायला लागलं असतं."

तुम्हाला वाटेल इथे माझे डोळे उघडले. अजिबात नाही. मी त्या मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं की बघ, किती जबाबदार आहे. दुसऱ्या दिवशी बाजारातून तिला दोन फ्रॉक आणले आणि विषय संपला. सासूबाई मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं पुस्तकांचं कपाट खालच्या मजल्यावर होतं, ते अख्खं पाण्यात गेलं, त्यात कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांचं 'शिक्षण देता-घेता' होतं. पाणी उतरल्यावर चिखलातून त्यांनी ते ओढून काढलं, पानं एकमेकांना चिकटली होती. लीलाताईंनी १९८५ साली कोल्हापुरात 'सृजन आनंद' ही शाळा काढली, मुलांनी स्वतः करून, अनुभवातून शिकावं म्हणून. सासूबाई मला म्हणाल्या, "हे तुला वाचायला देणार होते." एवढंच. मी म्हटलं, ऑनलाइन मागवते की. मागवलं नाही.

मग २०२०ची ऑनलाइन शाळा. त्या काळाबद्दल इथे बसलेल्या शिक्षकांनी बोलावं, मी दोन वाक्यांत आटोपते. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने मी तिच्या शेजारी बसायचे आणि उत्तरं पुटपुटायचे. काही महिन्यांनी तिच्या बाईंचा फोन आला. "ताई, प्रश्न विचारला की ती आधी उजवीकडे बघते. तुम्ही आठवडाभर दुसऱ्या खोलीत बसाल का?"

सातवीत विज्ञान प्रदर्शन होतं. विषय कोयना. खरं सांगते, विषय मीच निवडला. आम्ही सातारकर, कोयना म्हटलं की ऊर भरून येतो. १९९९च्या मार्चमध्ये कोयनेचं पहिलं लेक टॅपिंग झालं तेव्हा मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या वसतिगृहात दुसरा विषय नव्हता. जलाशयाच्या पोटात, तळाशी स्फोट करून बोगद्याला पाणी जोडायचं, धरण रिकामं न करता! तर मी थर्माकोल कापला, धरणाची १०३ मीटर उंची प्रमाणात घेतली, शिवसागर जलाशय रेझिनने भरला, पोफळीच्या वीजघरात छोटे दिवे लावले. तीन रविवार गेले. थोरलीने काय केलं? नावाची पट्टी चिकटवली. ती जरा तिरकी लागली म्हणून मी काढून पुन्हा चिकटवली.

परीक्षक एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मॉडेल पाहिलं, मग तिला विचारलं, "बाळ, कोयना नदी तर पूर्वेकडे वाहत कराडला कृष्णेला मिळते. मग वीजघर पश्चिमेला, कोकणात कशाला?" किती छान प्रश्न! सह्याद्री पश्चिमेला एकदम तुटतो, थोड्या अंतरात पाणी खूप उंचावरून खाली येतं, म्हणून त्याला डोंगराखालून बोगद्याने उलट दिशेला नेलंय. मी पालकांच्या रांगेत उभी होते, उत्तर माझ्या जिभेवर होतं. थोरलीने उजवीकडे पाहिलं. परीक्षकांनीही उजवीकडे पाहिलं, तिथे मी होते. ते हसले आणि मला म्हणाले, "छान केलंय हो तुम्ही." आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला. आम्हाला म्हणजे कोणाला, ते मी तेव्हा विचारलं नाही.

माझे आजोबा रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. ते नेहमी सांगायचे की त्यांच्या पाळीच्या दिवशी भाकरी एका बाजूला कच्ची आणि दुसऱ्या बाजूला करपलेली असायची, आणि सगळ्या जातींची पोरं पंगतीला बसून ती खायची. पंगतीत कोणी नाव ठेवत नसे, कारण उद्या त्याची पाळी असायची. कर्मवीरांनी मुलांना हातांनी करायला लावलं याचं कौतुक आम्ही २२ सप्टेंबरला दर वर्षी भाषणात करायचो. मी स्वतः ते भाषण पाठ करून बक्षीस मिळवलंय, याच शाळेत.

आता मुख्य गोष्ट.

ती आठवीत होती. जानेवारीतली संध्याकाळ, माझी मीटिंग चालू होती, मला तिचा पट्टीचा कंपास हवा होता म्हणून दप्तर उघडलं. विज्ञानाची चाचणी सापडली, वीसपैकी नऊ. खाली पालकांची सही. माझी सही. मी केलेली नसलेली. मित्रांनो, ती सही इतकी अचूक होती की क्षणभर मलाच वाटलं आपण केली असेल आणि विसरलो असू. मराठीच्या वहीचं मागचं पान उघडलं तर तिथे माझं नाव ओळीने गिरवलेलं, शेवटच्या अक्षराची शेपटी वळेपर्यंत. चाळीस-पन्नास वेळा. पहिल्या काही ओळींवर पेन्सिलीची टिंबं होती. तिने स्वतःच दिलेली.

मी मीटिंगमधून बाहेर पडले. तिला बोलावलं आणि जमेल तितक्या शांत आवाजात विचारलं, "मी तुला कधी मारलंय का? ओरडलेय का? मग हे का?"

ती म्हणाली, "नाही. पण तुझा चेहरा बघायला लागला असता."

मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेर पाटावर बसले. दारात बसून माणूस काय करणार. मला पुरात बांधलेली ती सुतळी आठवली. चार वर्षं उशिरा. तेव्हाही ती पाण्याला घाबरली नव्हती, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

आमच्या धंद्यात एक साधी प्रथा आहे. सॉफ्टवेअर बाहेर पाठवताना त्यासोबत ज्ञात त्रुटींची यादी पाठवतात. म्हणजे आम्हीच लिहून देतो की हे हे नीट चालत नाही, आम्हाला माहीत आहे. एकही दोष नाही असा दावा आमच्यात कोणी शहाणा माणूस करत नाही. कितीही तपासलं तरी दोष आहेत एवढंच दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही. कार्यालयात हे मला वीस वर्षं ठाऊक होतं. घरी आल्यावर मात्र मला शून्य दोष हवे होते, आणि तेही एका वाढत्या मुलीत.

त्या आठवड्यात मी आईला इथे साताऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. आई आता ऐंशीला टेकली आहे, मशीन बंद आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू तिला अगदी मापात शिवलीस गं." नंतर म्हणाली, "मापात शिवलेलं पहिल्या दिवशी फार छान दिसतं." मला त्या स्कर्टच्या कडेचं गडद कापड तेव्हा आठवलं.

नंतर मी वाचायला लागले, कारण मला कशाचीही आधी माहिती गोळा करायची सवय आहे. डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, बीबीसी रेडिओवरून आयांशी बोलायचे. त्यांनी १९५३ सालच्या एका निबंधात 'पुरेशी चांगली' आई अशी कल्पना मांडली. तान्ह्या बाळाची गरज आई सुरुवातीला जवळजवळ पूर्ण भागवते, आणि मग मूल सोसू शकेल तसतशी हळूहळू कमी पडत जाते. तिचं हे कमी पडणं मुलाच्या वाढीला लागतंच. मी ते दोनदा वाचलं. कमी पडणं हा कामाचाच भाग आहे असं मला कोणीही आजवर सांगितलं नव्हतं. म्हणजे आईने सांगितलं होतं, पण ती कापडाबद्दल बोलतेय असं मला वाटायचं. 'शिक्षण देता-घेता'ही शेवटी विकत आणलं. सासूबाईंनी पहिल्या पानावर तारीख घालून माझ्या हातात दिलं.

प्रत्यक्षात काय बदललं? फार काही भव्य नाही. आमच्या फ्रिजवर एक कागद आहे, 'आईच्या ज्ञात त्रुटी'. थोरली आणि धाकटा मिळून त्यात भर घालतात. पहिली नोंद 'चेहरा' अशी आहे. सहावी आहे, 'हो हो म्हणते पण ऐकत नाही'. सध्या अकरा झाल्या आहेत. वह्या मी बघत नाही. पहिले दोन महिने रात्री साडेनऊ वाजले की माझे हात शिवशिवायचे, मी उगाच डाळ निवडत बसायचे. गुण कमी झाले का? झाले. नव्वदच्या घरात असायची, सहामाहीला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. मला ते लागलं, आणि चेहऱ्यावर दिसलंही असणार. पण कागद त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या हातात होता, भूमितीत कुठे चुकली ते तिनेच दाखवलं, आणि सही मी केली.

धाकट्याचं म्हणाल तर त्याच्या दोन पायांत दोन वेगळे मोजे असतात आणि त्याला ते माहीतही नसतं. दुसऱ्या मुलाच्या वेळी आपण सगळ्याच जणी थकलेल्या असतो, त्याचा त्याला फायदा झाला.

गैरसमज नको. आईने माया सोडली म्हणून शिलाई सैल घातली नाही. टाका चुकला तर ती सबंध बाही उसवायची. खोटं बोललेलं, शब्द फिरवलेला, दुसऱ्याला कमी लेखलेलं आमच्या घरात आजही चालत नाही, आणि त्या खोट्या सहीबद्दल थोरलीने वर्गशिक्षिकांकडे जाऊन स्वतः सांगितलं. मी सोबत गेले, पण बाहेर व्हरांड्यात थांबले. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं.

आणि सगळं जमलंय असंही नाही. थोरली म्हणते अकरावीला कला शाखा घेणार, तिला मानसशास्त्र आणि इतिहास करायचाय. अभियांत्रिकी नाहीच. मी "हो, छान" म्हणाले. ते मला अजून पचलेलं नाही. रात्री दोनला उठून मी पगारांचे आकडे शोधते. हे तिला माहीत आहे, कारण शोधलेलं सगळं त्या संगणकावर दिसतं. त्रुटी क्रमांक अकरा.

तर, पूर्वपरीक्षा तोंडावर आणि मी इथे. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, नाही गेले तरी चालेल. ती म्हणाली, "आई, जा. तू गेलीस तर मी अभ्यास करीन. तू असलीस तर मी तुझ्याकडे बघत बसते."

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी तिचा फोन आला. बाबा धाकट्याला घेऊन क्रिकेटला गेला होता, आजीला बरं वाटत नव्हतं म्हणून हिने खिचडी लावली. "आई, खालून करपली." मी विचारलं, मग? "मग काय, वरची काढून दोघींनी खाल्ली. आजी म्हणाली बरी झालीये." मी म्हटलं, शाब्बास. मग दोन सेकंद गप्प राहिले. आणि मग विचारलंच, "कुकर भिजत घातलास का?"

ती हसली आणि म्हणाली, "बारा."